बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा, आकडे बिलावर लिहा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात गाडी कशी सांभाळावी यावर अर्धं पान होतं. टायरची हवा, कूलंट, एसीचा गॅस, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. बॅटरीच्या वाट्याला मात्र एकच ओळ आली: तीन वर्षं झाली असतील तर बदलून टाका. त्या ओळीपायी हे पत्र लिहितेय. 'बदलून टाका' या सल्ल्यावर यंदा माझे ६,१०० रुपये गेले, आणि शेवटी गाडीला लागलं काय, तर वायरच्या टोकाला बसवायचं ३० रुपयांचं एक लग.

मी विजापूर रोडला राहते. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरचा धंदा आहे. सहाजणी भाकरी करतात, पोचवायचं काम माझं. त्यासाठी एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे, मागचे सीट काढून टाकलेली. पहाटे साडेपाचला निघायचं. सात रस्ता, नवी पेठ, एसटी स्टँडकडची दुकानं, आणि दर गुरुवारी अक्कलकोट. गाडी मीच चालवते म्हणून गॅरेजलाही मीच जाते. तिथं बाई दिसली की निकाल आधी लागतो, गाडी नंतर बघतात. (पुरुषांचंही असंच होतं म्हणे, माझा भाऊ सांगतो. होत असेल.)

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, क्लचप्लेट बदलायला गाडी टाकली होती. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला. एवढं लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका पहाटे चावी फिरवली तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, 'कट्' करून गप्प. दुसऱ्यांदा कण्हत कण्हत फिरला आणि गाडी लागली. चार दिवसांनी परत तेच. बॅटरीच्या दुकानात गेले. तिथल्या पोरानं बॅटरीवरची तारीख वाचली, दोन्ही टर्मिनलवर पान्हा टेकवून ठिणगी पाडली आणि म्हणाला, "ठिणगीत दमच नाही की ओ मॅडम. बॅटरी गेलीय." बॅटरी सव्वादोन वर्षांची होती. बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा डोळा हिरवा होता हे मला पक्कं आठवतं, मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, डोळा खोटं बोलतो. जुनी परत देऊन ३,९०० रुपये. बिलावर एवढंच: 'बॅटरी, १ नग'.

डोळ्याचं त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, हे मला नंतर कळलं. तो डोळा सहापैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. उरलेल्या पाचांचं त्याला काही दिसत नाही. पण म्हणून ठिणगी खरं बोलते असं थोडंच आहे?

मार्चमध्ये ॲक्सिलरेटर जड झाला, पायानं रेटावा लागायचा. केबल काढली तर आतलं प्लास्टिक वितळून तारेला चिकटलेलं. "सीटखाली इंजिन आहे, गरमीनं होणारच," गॅरेजवाला म्हणाला. ३५० रुपये.

एप्रिलमध्ये नव्या बॅटरीवर परत 'कट्'. रात्रभर चार्जिंगला ठेवली, १५० रुपये. त्याच आठवड्यात गुरुवारी अक्कलकोटहून येताना वळसंगला चहाला थांबले, तर गाडी लागेना. दिवस मावळलेला, गाडीत रिकामे डबे आणि वसुलीचे पैसे. चार पोरांनी धक्का मारून गाडी काढून दिली. पुढं सोलापूरपर्यंत हेडलाइट असे पिवळे, की समोरच्याला मी दिसत होते की नाही कोण जाणे. पण डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा एकदाही लागला नाही, आणि त्याचाच मला धीर होता. दुसऱ्या दिवशी एका ऑटो इलेक्ट्रिशियननं इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल उपटलं. गाडी बंद पडली नाही. "बघा, डायनामो चालू आहे, पण कमी मारतोय," असं म्हणून त्यानं डायनामोचं, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचं, कार्बन आणि कटआउट बदललं. १,७०० रुपये. तीन दिवस बरे गेले.

मग मी आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेले. एसटीच्या वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. माझी चटणी त्यांना तिखट लागते, तरी दर आठवड्याला नेतात. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी विचारलं, "रात्रभर उभी राहिल्यावर लागत नाही, का चालवून आल्यावर पण?"

मी म्हटलं, दोन्ही. काही नेमच नाही.

"नेम नाही म्हणजे जोड बघायला पाहिजे. रात्रीत उतरली तर काहीतरी करंट पितंय नाहीतर बॅटरी म्हातारी झालीय. चालता चालता उतरली तर चार्जिंग. आता सांग, गेल्या चार-सहा महिन्यांत गाडीला कोण कोण हात लावलं? इलेक्ट्रिकचंच नाही, सगळं."

मी सगळं सांगितलं. क्लचप्लेट म्हटल्यावर ते हुं म्हणाले. केबल वितळली म्हटल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना, त्यांनी व्होल्ट मोजायचं मीटर आणलं. चालवून आल्या आल्या बॅटरी मोजली तर आकडा फुगलेला येतो. घाईच असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून मग मोजावं. बारा व्होल्टची बॅटरी म्हणतात ती भरलेली असताना बारा दाखवत नाही. आत सहा सेल, एकेक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि बरोबर १२ म्हणजे जेमतेम पाव. मी आजवर १२ आकडा बघून खूश व्हायची. माझी १२.३ होती. भुकेली, पण मेलेली नाही.

मग काका म्हणाले, "मार सेल्फ." सेल्फ कण्हला. मीटरवर ११.९. काकांनी मान हलवली. बॅटरी खरंच गेलेली असती तर सेल्फ मारताना आकडा धपकन ९ च्या घरात आला असता, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यायचा, तोही ती नीट भरून घेतल्यावर. इथं बॅटरी ताठ उभी आणि सेल्फ उपाशी. उजनीत पाणी आहे, पण आमच्या नळाला नाही, तशातली गत. धरण बदलून काय होणार?

यानंतर त्यांनी जे केलं ते मी तीन दुकानांत कुणालाही करताना पाहिलं नाही. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन गिअरबॉक्सच्या अंगावर. दोन्ही निगेटिव्हच, मधे जाड वायर. तिथं आकडा शून्याच्या जवळ हवा, फार तर ०.२. सेल्फ मारला तर ४.२ आला. गाडी कशीबशी लागल्यावर हेडलाइट लावून बघितलं तर १.१. डायनामोच्या मागच्या बोल्टवर १४.३ येत होते आणि बॅटरीवर १३.१. डायनामो बिचारा पहिल्या दिवसापासून पूर्ण देत होता, मधले १.२ व्होल्ट वाटेत जिरत होते. लाल दिवा का लागला नाही तेही तेव्हा समजलं. डायनामो बंद पडला तर तो दिवा लागतो. डायनामोनं दिलेलं बॅटरीपर्यंत पोचलं की नाही, हे त्याला कळत नाही.

वायर सोडवली. क्लचच्या कामात ती काढली होती. परत बसवताना खालचं ग्रीस आणि माती पुसली नव्हती, वॉशर घातला नव्हता, बोल्ट हातानं हलत होता. लगच्या तोंडाशी तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या. मी बोटानं ओढल्या तर अर्ध्या तुटून हातात आल्या. आणि केबल? सेल्फ शंभर अँपिअरच्या वर करंट ओढतो. त्याला परतायला जाड वाट मिळाली नाही की तो सापडेल त्या पातळ वाटेनं जातो. ॲक्सिलरेटरच्या तारेचं एक टोक इंजिनला, दुसरं बॉडीला. ती मधल्या मधे शेगडीच्या तारेसारखी तापत होती. गॅरेजवाला गरमीनं म्हणाला ते चूक नव्हतं. गरमी कुणाची, तेवढं त्यानं विचारलं नाही.

नवं लग, पॉलिश पेपर, बोल्ट घट्ट. सेल्फ पहिल्या झटक्यात असा फिरला की मी दचकले. पण मीटर बघून पोटात गोळा आला: सेल्फ मारताना आता १०.६! आधी तर ११.९ होते. काका हसायला लागले. "आधी बॅटरी बसून होती. आता काम करतीय, मग दम नाही का लागणार?" इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२, निगेटिव्हच्या वायरवर ०.०५. आज दोन महिने झाले, एकदाही धक्का लागला नाही.

राग मला पैशांचा आहेच, पण त्याहून जास्त एका गोष्टीचा आहे. त्या जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड घरात डब्यांच्या कपाटात होतं, मुदतही शिल्लक होती. वॉरंटीची मी त्या दुकानात आठवण करून दिली तेव्हा उत्तर मिळालं, "वॉरंटीत द्यायची तर बॅटरी ठेवून जावी लागेल. चार्ज करून, लोड टाकून, ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, घेऊन बघायला लागतं, दोन दिवस जातात." म्हणजे तपासणी कशी करायची हे त्यांना नीट माहीत आहे! फुकट द्यायची वेळ आली की दोन दिवस तपासणी, विकायची असली की एक ठिणगी. मला पहाटे भाकरी पोचवायच्या होत्या, मी नवी घेतली. जुनी चांगली होती की वाईट हे आता कधीच कळणार नाही.

त्या ठिणगीबद्दलही काका चिडले. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याचा टर्मिनलपाशी भडका उडाला तर ॲसिड तोंडावर. आणि चालू इंजिनवर टर्मिनल उपटणं तर त्याहून वाईट. बॅटरी असते तोवर डायनामोचा झटका ती पोटात घेते. ती अचानक काढली की व्होल्टेज उसळतं. माझ्या जुन्या गाडीत कॉम्प्युटर वगैरे काही नाही म्हणून भागलं. हल्लीच्या गाड्यांत तो झटका डायनामोच्या डायोडला आणि कॉम्प्युटरला खाऊ शकतो. टर्मिनल काढायचंच तर इंजिन बंद करून, आधी निगेटिव्ह. लावताना निगेटिव्ह शेवटी.

आता माझीही एक फजिती सांगते. साडेतीनशे रुपयांचं मीटर विकत घेतल्यावर मी गल्लीत डॉक्टरच झाले. बहिणीची नवी कार दोन-तीन दिवस उभी राहिली की लागत नव्हती. मी इंजिन चालू करून मीटर लावलं, १२.९. लगेच जाहीर केलं, डायनामो गेला! काका म्हणाले, हेडलाइट लाव, एसीचा पंखा लाव. आकडा १४ च्या वर गेला. बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हला सेन्सर असतो, बॅटरी भरली की कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी करतो. म्हणजे मीही त्या दुकानातल्या पोरासारखीच, ठिणगीऐवजी मीटरवाली.

तिच्या गाडीत खरी भानगड रात्रीची होती. निगेटिव्ह सोडवून मीटर मधे लावलं, दारं बंद करून अर्धा तास थांबलो, कारण लॉक केल्यावरही आतले भाग एकेक करून झोपतात. सगळे झोपल्यावर ०.०५ अँपिअरच्या आत करंट ठीक. तिथं ०.४ येत होता. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी पस्तीसची! एकेक फ्यूज काढत गेलो, आकडा हलेना. शेवटी कुणीतरी मागच्या कॅमेऱ्याची वायर फ्यूज चुकवून थेट बॅटरीला जोडलेली सापडली. (मीटर असं मधे लावलेलं असताना चुकूनही सेल्फ मारू नका. माझं पहिलं मीटर तसंच गेलं.)

पुरवणीतल्या लेखाचं एक मात्र मान्य. सोलापूरचा उन्हाळा बॅटरीला खातोच. बॅटरी थंडीत बंद पडते, पण तिचं आयुष्य कमी होतं ते उन्हात. आतल्या प्लेटी लवकर झिजतात, पाणी उडतं. ज्यांच्या बॅटरीला झाकणं आहेत त्यांनी एप्रिल-मेमध्ये महिन्याला पाणी बघावं आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे ते बॅटरीला देण्याइतकं उदार कुणी नसेल, तरी सांगते: नळाचं, बोअरचं घालू नये, त्यातले क्षार प्लेटींना बाधतात. ॲसिड तर अजिबात वाढवू नये. टर्मिनलवर पांढरी-निळी पूड साचली की खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून धुवावी, कोरडं करून व्हॅसलीन लावावं. बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास आला, किंवा इंजिन चालू असताना १५ च्या आसपास आकडा आला, तर डायनामो जास्त मारतोय. तिथं नवी बॅटरी टाकली तर तीही उकळून जाईल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की बॅटरी विकणाऱ्या दुकानांनी आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर तीन आकडे लिहावेत: इंजिन बंद असताना किती, सेल्फ मारताना किती, इंजिन चालू असताना किती. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या फेब्रुवारीच्या बिलावर हे तीन आकडे असते तर कुणाही जाणत्या माणसानं ते वाचून म्हटलं असतं, अहो, ही बॅटरी नव्हे. गिऱ्हाइकांनीही मागावेत, मागितल्याशिवाय कुणी लिहिणार नाही. शहरातल्या रिक्षा आणि टेंपो संघटनांनी मनावर घेतलं तर महिनाभरात पद्धत पडेल, कारण हजार-पाचशेचा फटका त्यांनाच जास्त बसतो. आयटीआयच्या मुलांनी उन्हाळ्याआधी एखाद्या रविवारी होम मैदानावर मीटर घेऊन बसावं. नाश्त्याच्या भाकरी-चटणीचं माझ्याकडे लागलं.

मागच्या आठवड्यात त्याच दुकानात भाकरीचं बंडल द्यायला गेले होते. त्या पोराला म्हटलं, "बाबा, तुमच्याकडे मीटर नाही का?" तो म्हणाला, "हाय की, पण त्यातला सेल गेलाय." नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. बॅटरीच्या दुकानात! मी शेजारच्या दुकानातून आणून दिला, त्यानं माझ्यासमोर घातला. आता तो वापरतो का, हे तुमच्या वाचकांनी बघावं.

माझं नाव छापू नये ही विनंती. दुकानदार माझं कायमचं गिऱ्हाईक आहे, रोज दोन बंडलं नेतो.

आपली,
एक कडक भाकरीवाली,
विजापूर रोड, सोलापूर